पाटीपुढचा पूर्णविराम

मी थांबलो होतो. हे मी परीक्षक बाईंना त्या दिवशी सांगितलं, घरी येऊन बायकोला सांगितलं, जिन्यात जो जो भेटला त्याला सांगितलं, आणि कोणी विचारलं तर आजही सांगेन. गाडी चालवण्याच्या परीक्षेत 'थांबा' लिहिलेली लाल पाटी आली, मी ब्रेक दाबला, मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली आणि मग पुढे गेलो. सर्वसाधारण सभ्य माणसं याला थांबणंच म्हणतात. परीक्षक बाईंचं मत वेगळं पडलं. बाईंचा आवाज इतका मऊ की आपण नापास झालो आहोत हे कळायलाही जरा वेळ लागतो. त्या म्हणाल्या, "काका, गाडी हळू झाली, पण चाकं फिरत होती. तुम्ही थांबला नाहीत."

मी म्हणालो, किंचित फिरली असतील. त्यावर त्या म्हणाल्या की किंचित थांबणं नावाचा प्रकार नसतो, आणि त्यांनी कागदावर एक फुली मारली.

आता हे मला कोणी सांगावं? मी पेशाने मुद्रितशोधक. उभी हयात छापखान्याच्या मागच्या खोलीत लाल पेन घेऊन लोकांच्या वाक्यांना शिस्त लावण्यात गेली. कुठे स्वल्पविराम पुरतो आणि कुठे पूर्णविरामच हवा, हे मला शिकवणारी व्यक्ती अजून जन्माला यायची आहे, अशी माझी समजूत होती. ती जन्माला आली होती, वाहन परवाना कार्यालयात नोकरीला लागली होती आणि त्या दिवशी माझ्या शेजारच्या सीटवर बसली होती.

पण आधी हे सांगायला हवं की या वयात मला गाडी शिकण्याची हौस आली होती, असं कोणी समजू नये. आमच्या घरात गाडी चालवायची ती बायकोने. ती नर्स होती, घरोघर जाऊन रुग्णांना बघायची, त्यामुळे गाडी तिच्या हाताला चिकटलेलीच असायची. मी शेजारी बसून पाण्याची बाटली, छत्री आणि माझी मतं सांभाळायचो. कुठल्या गल्लीतून गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, हे मी पोचल्यावर सांगायचो. आमचा संसार या पद्धतीने उत्तम चालला होता.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मधला भाग अंधुक होत चालला आहे. कडेचं दिसत राहील, समोरचं पुसट होत जाईल. गाडी बंद. घरी येऊन तिने गाडीची किल्ली पर्समधून काढली, दाराजवळच्या हुकाला अडकवली आणि भाजी चिरायला घेतली. रडली असती तर मला काहीतरी बोलायला सुचलं असतं. मी नुसता उभा राहून तिने चिरलेल्या गाजरांचे तुकडे लहानमोठे होताहेत ते बघत राहिलो.

तिला गाडी बंद झाल्याचं दुःख नव्हतं, रविवार बंद झाल्याचं होतं. दर रविवारी ती तिच्या मोठ्या बहिणीकडे जायची. ताई गेली काही वर्षं खाटेवर आहे, पाय उचलत नाहीत. शेवटचा बसथांबा जिथे संपतो त्याच्याही बऱ्याच पुढे, उताराला तिचं घर. तिला सांभाळायला एक बाई आहे, पण ताईचे केस धुवायचे ते आमच्या हिनेच. ताईचे केस म्हणजे ताईचा एकुलता एक गर्व. जाड, लांब, पांढरे झाले तरी उशीवरून खाली उतरणारे. ही पाणी तापवायची, खाटेच्या कडेला ताईचं डोकं घ्यायची, तासभर धुवायची, तासभर पुसायची आणि मग घट्ट वेणी घालून द्यायची.

नात्याने ताई माझी आकडसासू. बायकोच्या थोरल्या बहिणीला हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला, त्याने आमच्या ताईला पाहिलेलं असणार. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती मला 'पाहुणे' म्हणते, आणि त्यात पाहुण्याने लवकर उठावं असा एक सूर असतो. केस धुवायच्या वेळी मला बाहेरच्या खोलीत जुनी मासिकं चाळत बसावं लागे. त्या मासिकांतल्या चुकासुद्धा मी सगळ्या काढून संपवल्या होत्या.

डोळ्यांचं ताईला सांगायचं नाही, असं हिने ठरवलं. खाटेवरचा माणूस, उगाच घोर लावून घेईल. म्हणून फोनवर सांगितलं की गाडी बिघडली आहे. त्यानंतर ताई दर रविवारी गाडीची चौकशी करू लागली, एखाद्या आजारी नातलगाची करावी तशी. हीसुद्धा रंगवून सांगायची. आज इंजिन, पुढच्या आठवड्यात गिअर. ज्या बाईने आयुष्यात कधी खोटं तापमान लिहिलं नाही, ती आता दर आठवड्याला गाडीला नवा आजार लावत होती.

दुसरे मार्ग करून पाहिले नाहीत असं नाही. एकदा टॅक्सीने गेलो, तर येताना त्या उताराला एकही टॅक्सी यायला तयार होईना आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे. एकदा वरच्या मजल्यावरचे विमावाले मोठ्या मनाने घेऊन गेले. पण ते बाहेरच्या खोलीत बसून इतके मोठ्याने खोकले आणि दारातून आयुर्विम्याबद्दल इतकं काही विचारत राहिले, की परका पुरुष घरात असताना मी केस सोडणार नाही, असं ताईने जाहीर केलं. न धुताच परत आलो.

मग एका रविवारी फोन ठेवून ही तशीच बसून राहिली. मी म्हणालो, मी शिकतो. हसली असती तर बरं झालं असतं, मला माघार घेता आली असती. पण तिने मान जरा तिरकी केली, हल्ली माणूस नीट दिसावा म्हणून ती तशीच करते, आणि विचारलं, "खरंच शिकाल?" या प्रश्नानंतर कोणता नवरा मागे फिरेल?

पहिली ठेच उंबऱ्यातच लागली. वाहन परवाना कार्यालयाने मला शिकाऊ परवाना दिला, आणि त्यावर ठळक अक्षरांत 'शिकाउ' असं छापलेलं होतं. ऱ्हस्व. शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ असतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी काही मुद्दाम केलं नाही. खिशातून लाल पेन कधी निघालं, 'उ'वर काट कधी बसली आणि समासात सुबक 'ऊ' कधी उमटला, माझं मलाच कळलं नाही. धंद्याची सवय. खिडकीतल्या कारकुनाने तो कागद उजेडाला धरून पाहिला आणि म्हणाला की सरकारी कागदावर खाडाखोड केल्यामुळे हा परवाना रद्द झाला आहे. मी त्याला नियम सांगितला. त्याने मला दुसरा नियम सांगितला. त्याचा नियम भिंतीवर चिकटवलेला होता, माझा व्याकरणात होता, त्यामुळे भिंत जिंकली. नव्या परवान्यासाठी पुन्हा रांग, पुन्हा फोटो, पुन्हा थांबणं. नवा परवाना आला तेव्हा त्यावरही 'शिकाउ'च होतं. बायकोने तो माझ्या हातात न देता परस्पर आपल्या पर्समध्ये ठेवला.

गाडी शिकवायला जे मास्तर मिळाले ते कमी बोलणारे होते. त्यांचं सगळं ज्ञान 'हं' या एका अक्षरात बसायचं. 'हं' म्हणजे वळा, 'हं' म्हणजे नका वळू, आणि लांबलेला 'हंऽ' म्हणजे सायकलवाला वाचला. त्यांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक होता. त्याकडे मी कधी लक्ष दिलं नाही. माझं थांबणं मात्र अप्रतिम होत होतं. पाटी आली की गाडी अशी शांत उभी राहायची की वाटायचं, आपण उगाच छापखान्यात दिवस घालवले. घरी आल्यावर मी बायकोला रोज सांगायचो की वळणं जरा कच्ची आहेत, पण थांबण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांच्या जागेवर परीक्षक बाई बसल्या आणि त्यांनी आपले दोन्ही पाय नीट जुळवून मागे घेतले. तेव्हा कुठे कळलं की इतके दिवस ज्या थांबण्याची फुशारकी मी मारत होतो, ते सगळं मास्तरांचं होतं. माझं स्वतःचं होतं ते त्या दिवशी बाईंनी पाहिलं, आणि फुली मारली.

घरी येताना विचार केला होता की गुपचूप जिना चढायचा. पण विमावाले जिन्यातच कुंडीला पाणी घालत उभे होते. ते म्हणाले, थांबलात किती वेळ? मी म्हणालो, पुरेसा. त्यांनी मान हलवली. त्यांच्या मते माणूस घाईत असला की त्याला क्षणसुद्धा तास वाटतो, म्हणून मनात मोजमाप हवं. पाटीपुढे थांबलं की मनात एक पाढा म्हणायचा आणि पाढा संपला की निघायचं. त्यांचा मेहुणा असाच पास झाला. बेचा पाढा चालेल का, असं मी विचारलं, तर म्हणाले, बेचा फार लवकर संपतो, जरा वजनदार घ्या.

बायकोने पाढ्याबिढ्याचं काही ऐकून घेतलं नाही. तिने हुकावरची किल्ली काढली आणि मला इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत नेलं. मी स्टिअरिंगपाशी, ती शेजारी. म्हणाली, पुढे न्या आणि थांबा. मी थांबलो. ती म्हणाली, नाही थांबलात. मी पुन्हा थांबलो. ती म्हणाली, अजून नाही. मी जरा चिडून विचारलं की तुला समोरचं दिसत नाही, मग चाकं फिरतात की नाही हे कसं दिसतं? बोलून गेलो आणि जीभ चावली. पण तिला राग आला नव्हता.

"दिसायला कशाला हवं?" ती म्हणाली. "गाडी खरी थांबली ना, की एकदा मागे रेलते. मग आपली पाठ सीटला टेकते. पाठ टेकेपर्यंत थांबलो म्हणायचं नाही."

मग तिने डोळे मिटून घेतले. मी गाडी पुढे न्यायचो, थांबवायचो, आणि ती डोळे मिटूनच हो किंवा नाही म्हणायची. कपडे वाळत घालायला आलेल्या शेजारणींना आम्ही काय करतोय ते कळेना. म्हातारपणी नवरा गाडी चालवतो, जागच्या जागी, आणि बायको शेजारी झोपते. पण खूप वेळाने एकदा माझी पाठ खरंच टेकली. हलकीच, कोणी खांद्याला धरून बसवावं तशी. शेजारून ती म्हणाली, "हा." त्या 'हा'ची सर मास्तरांच्या कुठल्याच 'हं'ला नव्हती.

दुसऱ्या परीक्षेला मी भलत्याच आत्मविश्वासाने गेलो. पाठीचं शास्त्र बायकोचं होतं, आणि जोडीला विमावाल्यांचा पाढाही घ्यावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी पक्कं, असं मी ठरवलं. दोघांचं ऐकणाऱ्याचं काय होतं हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त ऐकणाऱ्याला नसतं. पाटी आली. मी ब्रेक दाबला. पाठ टेकली. परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी चांगलं लिहिल्यासारखं वाटलं. आता वजनदार पाढा. शाळेत ज्या पाढ्याने मला रडवलं होतं तोच तोंडाला आला, एकोणतीसचा.

एकोणतीस एके एकोणतीस ठीक गेलं. दुणे अठ्ठावन्न. पुढेही बरं चाललं होतं. दरम्यान डावीकडून एक गाडी आली, तिला जाऊ दिलं. उजवीकडून दूधवाल्याची आली, तिलाही. कोपऱ्यावर एक आजोबा काठी टेकून उभे होते, त्यांना रस्ता ओलांडायचा असेल म्हणून मी हाताने 'या' केलं. ते हलेनात. मी पुन्हा 'या' केलं. इकडे 'एकोणतीस सत्ते'पाशी माझी गाडी पूर्ण रुतली. सत्ते किती, काही केल्या आठवेना. मागून कोणीतरी हॉर्न दिला, मग दुसऱ्याने दिला. आजोबा अखेर काठी टेकत आले आणि माझ्या खिडकीवर टकटक करून म्हणाले, "अहो, मी कुठे जात नाहीये. बायको दुकानात गेलीय, तिची वाट बघतोय. तुम्ही जा."

पण पाढा अर्धवट टाकून कसं जायचं? मी पुटपुटत राहिलो, एकोणतीस सत्ते, एकोणतीस सत्ते. शेजारून अतिशय मऊ आवाज आला.

"दोनशे तीन. आता गाडी हलवा, काका."

दुसरी फुली पहिलीपेक्षा मोठी होती. रहदारीला अडथळा. बाईंनी समजावून सांगितलं की पाटी थांबायला सांगते, मुक्कामाला नाही. मी म्हणालो, थांबा म्हणणारी पाटी आहे, निघा म्हणणारी पाटी कुठे आहे? बाई जरा विचारात पडल्या, पण फुली खोडली नाही. सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही, हे मला माहीत होतंच.

त्या रविवारी फोनवर ताईचा आवाज मला खोलीच्या या टोकाला ऐकू येत होता. सांभाळणारी बाई म्हणतेय की या केसांच्या जटा होताहेत, विंचरताना दोघींचे हाल होतात, कापून टाकूया. बायको एकदम उभी राहिली. "अगं, थांब थोडे दिवस," ती म्हणाली. "गाडी होतेच आहे आता. मी येते. कापू नको तोवर." पलीकडून ताई काहीतरी म्हणाली. ही म्हणाली, "नाही ना कापले? बरं." मग फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, उगाच टेबलावरचं कापड सरळ करत राहिली. ते आधीच सरळ होतं.

मला फार वाईट वाटलं. नापास होण्याची लाज वेगळी, ती जिन्यापुरती असते. पण माझ्या एका चौकात अडकण्याने तिकडे उताराच्या घरात ताईच्या डोक्यावर कात्री फिरणार होती, आणि हिच्या हातून रविवार कायमचा जाणार होता. मी म्हणालो, मला नाही जमणार बहुतेक. आधी थांबलो नाही म्हणून नापास झालो, मग थांबलो म्हणून नापास झालो. आता तिसरं काय करायचं राहिलं?

ती माझ्याजवळ येऊन बसली. विचारलं, "पूर्णविराम दिल्यावर तुम्ही काय करता?"

मी म्हणालो, काय करणार, पुढचं वाक्य वाचतो.

"मग?" ती म्हणाली.

इतक्या वर्षांत एकदाही मला असं वाटलं नव्हतं की पूर्णविरामानंतर पुस्तक मिटायचं असतं. तिथे जरा जागा सोडायची असते, एका अक्षराची, आणि पुढचं वाक्य सुरू. दुसऱ्या दिवशी जिन्यात विमावाल्यांनी सतराच्या पाढ्याची शिफारस केली, तेव्हा मी त्यांच्या कुंडीचं भरभरून कौतुक केलं आणि वर निघून आलो.

तिसऱ्या परीक्षेला बाई त्याच होत्या, पाटी तीच, चौक तोच. मास्तर दूर फुटपाथवर उभे होते आणि त्यांचा उजवा पाय, इतक्या लांबूनही मला दिसत होता, जमिनीवर ब्रेक दाबत होता. पाटी आली. पांढऱ्या रेघेच्या जरा आधी मी ब्रेक दाबला आणि वाट पाहिली. पाठ टेकली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे. एक बाई बाबागाडी घेऊन येत होती, ती समोरून जाऊ दिली. ती पलीकडे पोचली. आता कोणी नव्हतं. एका अक्षराची जागा. आणि मी निघालो.

पुढे एका वळणावर मी दिव्याऐवजी काचेवरचे वायपर चालू केले, आणि ऊन रखरखत असताना ते शेवटपर्यंत काच पुसत राहिले, कारण बंद कसे करायचे ते आठवेना. पण बाईंनी त्याबद्दल थोडेच गुण कापले. खाली उतरताना त्या म्हणाल्या, "काका, आज छान थांबलात." मी त्यांना सांगितलं की माझी बायको डोळे मिटून शिकवते. त्यांना ते नीट कळलं नसावं, पण त्या हसल्या.

रविवारी आम्ही निघालो. विमावाले गच्चीतून हात हलवत होते आणि बहुधा काहीतरी सुचवतही होते, पण काच वर होती. बायकोच्या मांडीवर टॉवेल, शिकेकाईची पुडी आणि मोठ्या दातांचा कंगवा होता. समोरचं तिला दिसत नव्हतं, पण सगळा रस्ता तिच्या अंगात होता. आता खड्डा येईल, डाव्या अंगाने घ्या. आता उतार. आता पाटी. प्रत्येक पाटीला मी थांबलो, आणि शेजारी तिची पाठ माझ्याबरोबर टेकली. ती खूश होती. मीही इतका खूश होतो की आपण कोणत्या गल्लीतून गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, हा विचार मनात आलाच नाही.

सांभाळणाऱ्या बाईने दार उघडलं, आम्हाला पाहून जरा दचकली आणि बाजूला झाली. ताई खाटेवर उशीला टेकून बसली होती. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला. मी दारातच थबकलो, कारण रुमालाखाली काही नाही हे मला लगेच दिसलं. उशी रिकामी होती.

बायकोला ते दिसलं नाही. ती सरळ खाटेच्या कडेला जाऊन बसली, गाडी झाली बाई एकदाची, असं काहीतरी म्हणाली आणि उशीवर हात फिरवू लागली, जिथे इतकी वर्षं वेणी असायची तिथे. मग उशीच्या खाली. मग खांद्यापाशी. ताई तिच्या त्या चाचपणाऱ्या हाताकडे बघत होती.

"काय शोधतेस?" ताईने विचारलं.

"वेणी."

"तुला दिसत नाही?"

बायकोचा हात थांबला. "समोरचं नाही दिसत," ती म्हणाली. "कडेचं दिसतं."

ताईने डोक्यावरचा रुमाल ओढून काढला, हिचा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. बोटभरही केस नव्हते. हिची बोटं कपाळापासून मानेपर्यंत गेली आणि परत वर आली.

"केव्हा कापलेस?"

"त्या विमावाल्यांबरोबर येऊन गेलीस ना, त्यानंतर लगेच."

"अगं, मग दर रविवारी फोनवर..."

"तू तरी काय सांगत होतीस? आज इंजिन, उद्या गिअर." ताईचा आवाज जरा फाटला. "इतके आजार असलेली गाडी असते का कुठे? मला वाटलं, तुला यायचंच नाहीये आता. कंटाळलीस. म्हणून म्हटलं, केस आहेत असं सांगावं, म्हणजे येशील तरी."

ही तिचं डोकं छातीशी धरून बसली आणि दोघीही रडत होत्या, एकीला आवाज न करता रडता येत होतं, दुसरीला येत नव्हतं. कोणती कोण, ते मी सांगणार नाही. मला तिथून जावंसं वाटलं. बाहेरच्या खोलीतली मासिकं आठवली. मी हळूच मागे वळलो.

"पाहुणे निघाले का?" ताई म्हणाली.

बायकोने मागे वळूनही पाहिलं नाही. "नाही गं," ती म्हणाली. "थांबतायत. शिकलेत ते आता."

ताईने डोळे पुसले, नाक पुसलं आणि रुमाल माझ्याकडे फेकला. "मग पाणी तापवा म्हणावं. केस गेले म्हणून काय झालं, डोकं आहे ना जागेवर. धुवायला आलीयस ना तू?"

मी पाणी तापवलं. बादली खाटेपाशी आणली. बायकोने बाह्या सारल्या, ताईचं डोकं कडेला घेतलं, आणि मी भांड्याने थोडं थोडं पाणी ओतत राहिलो. एवढ्याशा केसांना कितीसा वेळ लागणार? पण हिची बोटं पुन्हा पुन्हा तिथेच फिरत होती आणि ताई डोळे मिटून म्हणत होती, "हळू. आज कोणाला जायची घाई नाही."